विश्लेषण : भगंदर नुसत्या गोळ्यांनी का बरा होत नाही? ऊसतोडीला निघण्याआधीच उपचार का हवेत?

दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, काम चुकले की खाडा लागतो. अशात गुदद्वाराजवळ फोड आला, तर तो लाजेपोटी आणि मजुरी बुडू नये म्हणून अंगावर काढला जातो. भगंदराची सुरुवात अनेकदा अशाच फोडाने होते.

भगंदर म्हणजे काय?

गुदमार्गाच्या आत छोट्या ग्रंथी असतात. एखादी तुंबली की संसर्ग होऊन पू साठतो. तो वाट काढत बाहेरच्या कातडीपर्यंत येतो आणि फुटतो. ठणका थांबतो, पण आतून बाहेरपर्यंतची नळी अनेकदा तशीच राहते. बाहेरचे तोंड मिटले तरी आतले उघडेच असते, त्यामुळे पू पुन्हा साठतो. गोळ्यांनी संसर्ग आटोक्यात येतो, नळी बुजत नाही. मूळव्याधीत सूज रक्तवाहिन्यांना असते. तिचे मलम इथे उपयोगाचे नाही.

उपचार कोणते?

नळी उथळ असेल तर शस्त्रक्रियेने ती उघडी करतात आणि जखम तळापासून भरू देतात. नळी शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूतून खोल जात असेल, तर ती सरळ कापल्याने ताबा सुटू शकतो. म्हणून एमआरआय करून तिचा मार्ग पाहतात आणि दोरा, लिफ्ट किंवा लेसर यांपैकी पर्याय निवडतात.

आयुर्वेदातील क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे लेप दिलेला दोरा. तो साधारण दर आठवड्याला बदलतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्रानंतर ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के रुग्णांना भगंदर पुन्हा झाला. मात्र बरे होण्यास क्षारसूत्राला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला ४. डॉक्टरांकडे शल्यतंत्राची पदव्युत्तर पदवी आहे का, हे आधी विचारा.

मग वेळ कोणती?

दोन्ही उपचारांत काही आठवडे ड्रेसिंग आणि फेऱ्या ठरलेल्या. फडावर ते जमत नाही. हंगाम संपवून गावी आल्यावर लगेच तपासणी केली, तर दसऱ्यापर्यंत पुरेसा वेळ मिळतो. मात्र ताप, वाढती सूज किंवा तीव्र ठणका असेल तर थांबू नका. पू त्वरित काढावा लागतो. मधुमेह असल्यास अधिकच घाई करा. भगंदर वारंवार होत असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.

कुठे जायचे?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. बीडचे जिल्हा रुग्णालय त्यात येते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी रुग्णालयात जायचे असेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रेशनकार्ड दाखवून आरोग्यमित्राला आधी विचारा. उचलीतून खर्च करण्याची वेळ कदाचित येणारही नाही.