रस्ता खुला कधी करायचा, हे कोणी ठरवायचे?

शक्तिपीठ महामार्गाबद्दल आजवर जे काही बोलले गेले, ते बहुतेक जमिनीबद्दल. ते साहजिकच आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याची ओलिताखालची काळी जमीन जाणार असेल तर तो मोजणीच्या पथकाला बांधावरच अडवणार, आणि त्याला अडवण्याचा हक्कही आहे. पण भूसंपादनाच्या या गदारोळात दुसरा एक प्रश्न कुणीच लावून धरलेला नाही. हा रस्ता झाला, तर त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला माणसे मरू नयेत म्हणून आजच, कागदावर असतानाच, काय करून ठेवायचे?

पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि भूसंपादनासाठी २० हजार कोटींची तरतूद केली. विरोधानंतर काही भागांत आखणी बदलण्याची बोलणीही झाली. म्हणजे नकाशा अजून ओला आहे. सुरक्षेचा विचार स्वस्तात आणि नीट करता येतो तो याच टप्प्यावर. डांबर पडल्यावर फक्त फलक लावता येतात.

समृद्धी महामार्गाचा अनुभव ताजा आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ रोजी. रस्ता उत्तम बांधला आहे, यात वाद नाही. पण पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा शेकडो किलोमीटरमध्ये थांबून चहा घ्यावा, तोंडावर पाणी मारावे, लघवीला जावे अशी धड जागा नव्हती. रात्री नागपूर सोडलेला ट्रॅव्हल्सचा चालक सरळ, रिकाम्या, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास ताशी ऐंशी-शंभरच्या वेगाने स्टिअरिंग धरून बसतो. वळण नाही, गाव नाही, चौक नाही, डोळ्याला अडेल असे काही नाही. मोटारींना परवानगी असलेल्या १२० च्या वेगात गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद डुलकी लागली तर शंभर मीटर अंतर कुणीच न चालवता कापले जाते.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ जण होरपळून गेले. बस दाराच्या बाजूवर आडवी झाल्याने दार उघडण्याचा प्रश्नच उरला नव्हता. जे वाचले ते काच फोडून बाहेर पडले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली, १२ भाविक गेले. त्या ट्रकला आरटीओच्या पथकाने रस्त्यातच थांबवले होते, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. असे काही घडले की चालकाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. चालक चुकतोच. पण चालक चुकणार हे धरून रस्ता आखायचा असतो. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठराव करून हेच धोरण मान्य केले. माणूस चुकला तरी त्याला त्या चुकीची शिक्षा मृत्यूची नसावी, एवढीच त्यामागची भूमिका.

हे महाराष्ट्रात जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही, कारण जमलेले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ यांनी मिळून हा मार्ग मृत्यूमुक्त करण्याचे काम हाती घेतले. २०२० मध्ये आकडा ६६ वर आला. ते टाळेबंदीचे वर्ष होते हे खरे, पण घट त्याआधीच सुरू झालेली होती. काय केले? प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन गाडी कशावर आदळली ते पाहिले आणि ती वस्तू हलवली किंवा झाकली. उघडे पडलेले काँक्रीटचे कोपरे, तुटक्या कठड्यांची भाल्यासारखी टोके झाकली, दुभाजक ओलांडून समोरच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या अडवण्यासाठी तारदोरांचे कठडे बसवले. शिवाय बंद पडलेला ट्रक लवकर बाजूला काढायची आणि जखमीला लवकर दवाखान्यात पोचवायची व्यवस्था. यात जगावेगळे काही नाही. चिकाटी लागते आणि एका जागी जबाबदारी लागते.

मग नव्या रस्त्यावर हेच आधी का होत नाही? सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, यावर देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या ठिकाणी तीन पदरी रस्ता पुलावर येताना दोन पदरी होत होता, यावर तेवढी झाली नाही. एवढा वर्दळीचा महामार्ग, वर्षानुवर्षे लाखो गाड्यांनी वापरलेला, आणि ती अरुंद होणारी जागा देशाच्या नजरेत यायला एका नामवंत उद्योगपतीचा मृत्यू व्हावा लागला.

पुण्याच्या नवले पुलाचेही तेच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की लांबलचक उतार लागतो आणि उताराच्या तोंडाशी शहराची गर्दी. डिझेल वाचवायला ट्रकचालक गाडी न्यूट्रल करतात, ब्रेक तापतात, मग खाली जे असेल ते चेपले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तिथे एका रात्रीत डझनावारी गाड्या ठोकरल्या. त्यानंतर रम्बलर टाकले, वेगमर्यादा उतरवली, फलक वाढवले, तरी अपघात थांबले नाहीत. उतार आखणीत ठरतो. तो नंतर पोलिसांच्या शिट्टीने कमी होत नाही. शक्तिपीठ महामार्गाला तर सह्याद्री उतरून सिंधुदुर्गात यायचे आहे. तिथला उतार किती असेल, ब्रेक गेलेल्या ट्रकला वाळूच्या चढावर घुसायला बाजूची वाट कुठे असेल, बोगद्यात गाडी पेटली तर माणसे कुठून बाहेर पडतील, हे शेतकऱ्याला नोटीस जाण्याआधी ठरलेले आणि जाहीर झालेले असले पाहिजे.

यापेक्षाही मोठी गोष्ट महामार्गाच्या बाहेर आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या मृतांपैकी जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारे होते. समृद्धीसारख्या रस्त्यावर या दोघांनाही प्रवेश नाही. म्हणजे मरणाऱ्यांतले बहुसंख्य ज्या रस्त्यांवर मरतात, ते रस्ते या हजारो कोटींच्या बाहेर राहतात. इतकेच नाही, नवा महामार्ग त्या रस्त्यांवरची वर्दळ वाढवतो. इंटरचेंजवरून उतरलेली गाडी आठ पावले रुंद, साईडपट्टी खचलेल्या राज्यमार्गावर येते आणि चालकाच्या पायात महामार्गाचा वेग तसाच असतो.

उसाच्या पट्ट्यात हंगामात संध्याकाळी सातनंतर उभे राहून हे पाहावे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाजूला हात-हात बाहेर आलेला. मागचा दिवा बहुधा नाही. असलाच तर वाढ्यांनी झाकलेला. हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम करतात, पण चिखल आणि पाचटाने ते महिन्याभरात दिसेनासे होतात. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडला की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते ती दहा-पंधरा फुटांवर. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असेल तर मागे इशाऱ्याला चार दगड मांडलेले असतात, आणि ऊस काढून चाक बदलून झाले की ते दगड तसेच राहतात. ज्या तालुक्यात इंटरचेंज येणार आहे, तिथल्या दहा-पंधरा किलोमीटरच्या जोडरस्त्यांचे रुंदीकरण, साईडपट्ट्या, दिवे आणि ट्रॉल्यांसाठी थांबे हा त्याच प्रकल्पाच्या खर्चाचा भाग धरला पाहिजे. तो जिल्हा परिषदेवर ढकलून चालणार नाही, तिच्याकडे खड्डे बुजवायलाच पैसे पुरत नाहीत.

शक्तिपीठ महामार्गाचे नाव देवस्थानांवरून आहे आणि देवस्थानांना माणसे पायी जातात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालणारा लोंढा ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पंढरपूरच्या पालखी मार्गांचे रुंदीकरण आखताना वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र चालण्याची वाट धरण्यात आली. चालणाऱ्याचा विचार आराखड्यात बसू शकतो, हे तिथे मान्य झाले आहे. तोच न्याय शेतमजुराला आणि शाळेच्या पोरांना हवा. गावाचे शिवार दुभंगले आणि अंडरपास दोन किलोमीटरवर दिला, तर बैलगाडीवाला तेवढा वळसा घालणार नाही. कुंपण तोडले जाईल. मग कागदोपत्री तो ‘बेकायदा कट’ होईल आणि त्यात गेलेल्या माणसाचाच दोष निघेल. म्हणून अंडरपास कुठे हवा, हे ग्रामसभेला विचारावे. गावकऱ्यांना वहिवाटीची पायवाट ठाऊक असते, सल्लागार कंपनीच्या ड्रोनला ती दिसेलच असे नाही.

बांधणाऱ्या हातांनाही यात जागा हवी. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरच्या सरलांबे येथे समृद्धीच्या पुलावर गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि २० कामगार-अभियंते गेले. उद्घाटनाची घाई खाली कामगारापर्यंत झिरपते.

जबाबदारीचे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू झाला तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागाराला दंड होऊ शकतो. दंड किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. हजारो कोटींच्या ठेक्यात या रकमेची कुणाला भीती वाटेल? त्यापेक्षा ठेक्याच्या अटीतच लिहावे, की अमुक टप्प्यात विश्रांतीस्थळे, रुग्णवाहिका, क्रेन, गस्त आणि कठडे पूर्ण नसतील तर वाहतूक सुरू होणार नाही आणि टोलही सुरू होणार नाही.

आखणीच्या, बांधकामाच्या आणि खुला करण्याच्या, तिन्ही टप्प्यांवर सुरक्षा तपासणीची पद्धत आपल्याकडे आहे. उणीव आहे ती अधिकाराची. तपासणी करणारा अहवाल देतो, अहवाल फायलीत जातो, आणि तारीख मात्र मंत्रालयातून ठरते. शक्तिपीठ महामार्गासाठी राज्य सरकारने हे उलटे करावे. तपासणी ठेकेदाराच्या पगारावर नसलेल्या अभियंत्यांकडे द्यावी. त्यांचा अहवाल प्रत्येक बाधित गावाच्या ग्रामपंचायतीत मराठीतून लावावा. त्यांची सही नसलेला टप्पा कुणाच्याही हस्ते, कुठल्याही मुहूर्तावर खुला होणार नाही, असा शासन निर्णय भूसंपादनाचा पहिला धनादेश निघण्याआधी काढावा.