मस्कतहून येणारी शेगडी

मालवणच्या एका वाचक भगिनीचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. उत्तराला उशीर झाला, कारण प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. तिचे दीर मस्कतला नोकरीला असतात. त्यांनी तिथे कुणाकडे तरी धुरावर भाजलेलं चिकन खाल्लं आणि फोनवर फोटो पाठवून कळवलं, "वहिनी, गणपतीला येताना लहानसं पेलेट ग्रिल घेऊन येतो. तुम्हाला चुलीपुढे बसायला नको." नवरा नेहमीप्रमाणे "तुम्ही बघा काय ते" म्हणून मोकळा झाला. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "आणि लाइट गेली तर काय करतलंस?" बाई मला विचारते, घेऊ का नको? आणि घ्यायचीच झाली तर लहानात लहान कशी निवडू?

मैत्रिणींनो, ही वस्तू काय आहे ते आधी समजून घेऊ. आपल्या आईच्या किंवा आजीच्या काळात शहरागावांतून भुशाची शेगडी असायची, आठवते? मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडा घालायचा, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली नि दांडा हलक्या हाताने काढून घ्यायचे. पेटवली की दोन-तीन तास निवांत. पेलेट म्हणजे तोच भुसा, पण यंत्रात प्रचंड दाबाखाली घालून शेंगदाण्याच्या लांबीच्या कांड्या केलेला. जाडी 6 ते 8 मिलिमीटर. लाकडातलाच चिकट अंश गरम होऊन त्या कांड्या धरून ठेवतो, वेगळा डिंक लागत नाही. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ट्रेगर नावाच्या गृहस्थांनी या कांड्यांवर चालणाऱ्या शेगडीचं पेटंट 1986 मध्ये घेतलं. शेगडीच्या बाजूला कांड्यांची पेटी असते. मोटरवर फिरणारा एक मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या करून आतल्या भांड्यात ढकलतो. तिथे विजेची तापणारी सळई त्या पेटवते आणि पंखा वारा घालतो. उष्णता किती हवी ते बटणावर ठरवायचं, बाकी सगळं यंत्र करतं. कबूल करते, हे वाचून माझ्याही मनात आलं की चुलीपुढे बसून डोळे चोळण्यात जन्म गेलेल्या बायकांना हे कुणीतरी आधीच का नाही दिलं!

पण शेगडी निवडताना आपण शेगडीकडे बघतो आणि तिथेच फसतो. बघायचं असतं जळणाकडे. हे जळण श्रावणात, धो धो पावसात, माझ्या घरी कुठून येणार, हा पहिला प्रश्न.

आपल्याकडे याचा एक मोठा अनुभव झालेला आहे. 2006 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने एका परदेशी तेल कंपनीनं 'ऊर्जा' नावाची पेलेटवर चालणारी चूल बाजारात आणली. शेतातल्या टाकाऊ मालाच्या कांड्या, चार्ज होणाऱ्या बॅटरीवरचा छोटा पंखा, धूर अगदी कमी. महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडूत मिळून चार लाखांच्या आसपास चुली खपल्या. बायकांना त्या आवडल्याही. पुढे तोच टाकाऊ माल कारखाने आपल्या बॉयलरसाठी विकत घेऊ लागले, कांड्यांचे भाव चढले, पुरवठा आटला आणि चांगल्या धडधाकट चुली माळ्यावर गेल्या. त्यांत दुसरं जळण धड चालत नव्हतं. चूल मोडली म्हणून नाही, जळण एकाच दुकानातून येत होतं म्हणून ती बंद पडली.

पत्रातल्या भगिनीची गत याहून कठीण होईल. लहान पेलेट ग्रिल तासाला अर्धा ते एक किलो कांड्या खातं. परदेशात मिळते ती 9 किलोची पिशवी म्हणजे फार तर दहा-पंधरा वेळचा स्वयंपाक. भाऊजी ग्रिल आणतील, कांड्यांची पोती कशी आणणार? लहान म्हणवणारं ग्रिलच 20-25 किलोंचं असतं. आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरसाठी कांड्या विकल्या जातात, त्या स्वस्त दिसल्या तरी अन्नासाठी अजिबात वापरू नका. त्यांत कशाकशाचा भुसा दाबलाय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लायवूडचा, रंगवलेल्या लाकडाचा, काहीही.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर मीठ तर हवेतच आहे. पेलेटला ओल लागली की ती फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. पेटीत राहिलेल्या कांड्या अशा फुगल्या की मळसूत्री दांडा अडकतो. मग तो सोडवायला मेकॅनिक कोण आणणार? आणि सासूबाईंचा प्रश्न तर बिनतोडच आहे. ग्रिलला वीज तशी थोडी लागते. पेटताना काही मिनिटं दोन-तीनशे वॉट, नंतर त्याहून पुष्कळच कमी. इन्व्हर्टर असेल तर भागेल. पण 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी घरात जे शिजतं ते करवंटीवर आणि लाकडावर.

आता खरं म्हणजे हे यंत्र कशासाठी केलंय? मांसाचा जाड तुकडा मंद आचेवर सहा-आठ तास ठेवायचा आणि मऊ होईपर्यंत त्याला धूर द्यायचा, यासाठी. आपला बांगडा तो केवढा! निखाऱ्यावर दहा-बारा मिनिटांत होतो. उलट बांगड्याची साल जी चटचटून फुगायला हवी, तिला खालून रसरशीत निखारा लागतो. पेलेट ग्रिलमध्ये आच थेट लागत नाही, बहुतेकांत मधे पत्रा असतो. त्यामुळे साल मऊच राहते. सुका बांगडा भाजून पेजेबरोबर खायचा, किंवा सुकी सुंगटं भाजून खोबऱ्यात किस्मूर करायचं, तर त्यासाठी मोटर आणि पंखा? मला तर हसू आलं.

घराला जोडून पाहुण्यांच्या खोल्या असतील, मोसमात रोज वीसेक ताटं वाढावी लागत असतील, अख्ख्या कोंबड्या किंवा कुप्याचे जाड तुकडे धुरावर करून द्यायचे असतील, तर गोष्ट वेगळी. मग ते धंद्याचं हत्यार झालं. पण तेव्हा लहान ग्रिल पुरणार नाही, आणि जळणाचा पुरवठा लेखी ठरवल्याशिवाय पैसे गुंतवू नका. कुणाचे नातेवाईक अमेरिकेहून आणणार असतील तर तिकडची यंत्रं 110-120 व्होल्टची असतात, आपल्या 230 वर लावली तर पहिल्याच दिवशी जळतील, हेही लक्षात असू द्या.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. झाकणाची, लहान, कोळशाची शेगडी. बिडाची मिळाली तर उत्तम, नाहीतर जाड पत्र्याची. दुकानात गेलात की पत्रा बोटाने दाबून बघा. दबला तर ती एका पावसाळ्याची सोबतीण. खाली वाऱ्याचं दार असावं आणि ते सरकवून कमी-जास्त करता यावं. आच ताब्यात ठेवायचं तेच बटण. झाकण इतकं खोल असावं की दोन बांगडे ठेवून वर हात जाईल एवढी जागा राहावी, आणि झाकणालाही एक भोक हवं. राखेचा ट्रे बाहेर ओढता यावा. पाय पक्के असावेत, नाहीतर पोरं पळताना धक्का लागतो. जाळी जस्ताच्या मुलाम्याची नको. जस्त फार तापलं की त्याचा धूर अपायकारक असतो. स्टीलची जाळी घ्या, थोडी महाग पडली तरी. जुनी बादली कापून शेगडी करणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्याकडून घेतलीत तर आतून मातीचा जाड लेप हवाच. आणि शेगडी दोन हातांनी उचलून बघा. पाऊस आला की आत घ्यायची वेळ तुमच्यावरच येणार आहे, दुकानदारावर नाही.

जळण तर घरातच आहे. सासूबाई जी करवंटी जपून ठेवतात ती. करवंटी आधी खळ्यात पेटवून ज्वाळा आणि काळा धूर जाऊ द्यायचा, लाल निखारा झाला की शेगडीत घ्यायचा. आच कडक असते, म्हणून थोडीच घ्या. हाताचा तळवा जाळीच्या वर चार बोटांवर धरा. दोन मोजेपर्यंत चटका बसला तर ती आच सालीसाठी, पाच-सहा मोजता आले तर धुरीसाठी. धुरीला नारळाचं सुकं सोडण किंवा आंब्याच्या लाकडाचा भुसा, मूठभर, तोही थोडा थोडा. पांढरा दाट धूर निघाला की मासा कडवट होतो. धूर पातळ, निळसर हवा. लक्षद्वीपचे लोक कुपा उकडून, सोडणाच्या धुरावर धरून, वाळवून 'मासमीन' करतात. तेव्हा सोडणाच्या धुराला कमी लेखायचं कारण नाही. मात्र काजूच्या बियांची टरफलं, आपल्या भागात ढिगांनी मिळतात तरी, शेगडीत घालू नका. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना, घशाला आणि कातडीला झोंबतो. जुन्या होडीच्या रंगवलेल्या फळ्याही नकोत.

करून बघायचं असेल तर असं करा. ताजे बांगडे साफ करून दोन्ही बाजूंनी चिरा द्या. लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे मीठ घालून अर्धा तास बुडवून ठेवा. मग कापडाने कोरडे करून पंख्याखाली वीस मिनिटं. निखारे शेगडीत एका बाजूला सारा, मासे दुसऱ्या बाजूला ठेवा, निखाऱ्यांवर चिमूटभर सोडण टाकून झाकण घाला. खालचं दार अर्धं उघडं. अर्ध्या-पाऊण तासात काट्यापासून मांस आपोआप सुटतं. शेवटची दोन मिनिटं मासे थेट निखाऱ्यावर सरकवले की साल कुरकुरीत. वर लिंबू, बस्स.

बांगड्याबद्दल एक गोष्ट मात्र कायमची लक्षात ठेवा. उन्हात राहिलेला बांगडा धुरी देऊन सुधारत नाही. तो बर्फाबाहेर राहिला की त्याच्यात हिस्टामाइन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो भाजून, तळून, धुरी देऊन कशानेही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. घरच्या धुरीनं मासा टिकतही नाही. त्याच दिवशी खा, उरला तर फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांच्या आत संपवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांसाठी उन्हात वाळवलेली खारी मासळीच खरी.

आता ज्यासाठी मला हे उत्तर पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटलं, ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी जुलैत, पडवीत पाण्याचा सपकारा येत होता म्हणून मी पेटती शेगडी उचलून स्वयंपाकघरात आणली आणि खिडकी लावून घेतली. धूर तर नव्हता, निखारे छान लाल होते. मला वाटलं, आता काय भीती. अर्ध्या तासाने डोकं जड झालं. पाट्यापाशी बसलेली भाची म्हणाली, "मामी, मला कसंतरी होतंय," आणि तिथेच ओकली. मला उठवेना. शेजारची बाई पीठ मागायला आली, तिनं दार उघडलं आणि आम्हाला ओढून पडवीत आणलं. निखाऱ्यातून जो कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो त्याला ना रंग, ना वास. धूर नाही म्हणून वायू नाही असं नसतं. शेगडी कोळशाची असो, करवंटीची असो, नाहीतर भाऊजींच्या पेलेटची, बंद खोलीत ती कधीही नको. विझत आलेली सुद्धा नको. पडवीत वापरताना निदान दोन बाजू उघड्या ठेवा, ताडपत्रीने सगळीकडून बंद केलेली पडवी ही खोलीच झाली. पाऊस फारच असेल तर त्या दिवशी बांगडा तव्यावर. काही बिघडत नाही.

ज्या मैत्रिणी फ्लॅटमध्ये राहतात आणि जिथे ना खळं ना मागील दार, त्यांनी शेगडीच्या भानगडीत पडू नये. गॅसवर मासा भाजून घ्या, भांड्यात मधोमध वाटी ठेवा, गॅसवरच लाल केलेला कोळशाचा एक तुकडा तिच्यात टाका, वर थेंबभर तूप, आणि लगेच झाकण. तीन-चार मिनिटं पुरे. खिडकी उघडी हवीच, आणि तुकडा लगेच पाण्यात विझवायचा.

शेगडी वापरून झाली की थंड राख रोज काढून टाका. राख दमट हवेत ओल धरते आणि लोखंड तिथूनच खायला लागतं. बिडावर आणि जाळीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात शेगडी गोणपाटात नको, गोणपाट ओल धरतं. वर्तमानपत्रात गुंडाळून चुलीशेजारी ठेवा.

तेव्हा मालवणच्या भगिनी, दिरांना आपलेपणानंच लिहा. ते तुमच्या डोळ्यांची काळजी करतात, ही काही लहान गोष्ट नाही. लिहा की भाऊजी, एवढं ओझं आणू नका, आणायचाच असेल तर मासात खुपसून बघायचा टोकदार थर्मामीटर आणा. तो खिशात मावतो. कोंबडीच्या मांडीत, हाडाला न टेकवता, 74 अंश आणि जाड माशात 63 अंश आले की आत शिजलं म्हणून समजायचं. शेगडी तुम्ही इथेच घ्या, सासूबाईंना बरोबर नेऊन. आणि गणपती गावाला गेल्यावर पहिले बांगडे भाजायला भाऊजींनाच बसवा, पंखा त्यांच्या हातात देऊन.