औषध बदलण्याआधी कॅलेंडर बघा

"डॉक्टर, या गोळीनं काही फरक नाही. दुसरी द्या."

मानसिक आजारांच्या ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येतं. किती दिवस घेतली, असं विचारलं की उत्तर येतं, "आठ दिवस झाले की!" आठ दिवसांत ताप उतरतो, जुलाब थांबतात, मग मनाच्या औषधाकडूनही तीच अपेक्षा ठेवली जाते. माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे या औषधांचे जेवढे बदल होतात, त्यातले बरेच गरज नसताना होतात आणि त्याचा भुर्दंड पेशंटला पडतो.

गोळी काम कधी करते?

नैराश्यावरच्या औषधांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. मन हलकं व्हायला मात्र योग्य डोस सुरू झाल्यापासून चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे दहाव्या दिवशी गोळी सोडणाऱ्यानं त्रास सगळा सोसलेला असतो आणि फायदा मिळायच्या आतच तो बाहेर पडतो. नवी गोळी सुरू झाली की दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

जुनी गोळी एकदम बंद केली तर आणखी एक घोळ होतो. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधं अचानक थांबवली की चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. मग तिसरी गोळी येते.

अमेरिकेत नैराश्याच्या सुमारे चार हजार रुग्णांवर 'स्टार-डी' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तिथं प्रत्येक टप्प्याला १२ ते १४ आठवड्यांपर्यंत मुदत होती. पहिल्या औषधानं साधारण तिघांपैकी एक जण लक्षणमुक्त झाला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर हे प्रमाण सातात एकापर्यंत घसरलं. या आकडेवारीवर पुढे टीकाही झाली, पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : पहिली संधी घाईनं वाया घालवू नये.

धसईहून निघालेला पेशंट

मुरबाड तालुक्यातलं धसई २०१६ मध्ये कॅशलेस गाव म्हणून बातम्यांत आलं. पैसे फोनवरून क्षणात जाऊ लागले, पण मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं तर अजूनही एसटी धरून कल्याण नाहीतर थेट ठाण्याचं मनोरुग्णालय गाठावं लागतं. पेशंट आणि सोबतचा माणूस, दोघांची मजुरी बुडते. एवढं करून डॉक्टर म्हणाले, "हीच गोळी चालू ठेवा," तर फेरी फुकट गेली असं वाटणं साहजिक आहे. मग पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर, जुने कागद घरीच आणि पुन्हा नवी सुरुवात.

दिवाळीनंतर या भागातली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तिथं गोळ्या संपतात, महिनाभर खंड पडतो आणि आजार उलटतो. अशा वेळी औषध लागू पडलं नाही असं कसं म्हणायचं? ते पोटात गेलंच नव्हतं. बदलायची गरज गोळीची नसते, दोन-तीन महिन्यांचा साठा देण्याच्या व्यवस्थेची असते.

यात आम्ही डॉक्टरही आलो. पंधरा मिनिटं समजावण्यापेक्षा नवी गोळी लिहिणं सोपं असतं. दारू, थायरॉईड, चुकलेले डोस, कर्जाची काळजी किंवा मुळातच चुकलेलं निदान यांची चौकशी न करता औषध बदललं, तर तोही घाईचाच उपचार.

अर्धवट प्रयत्नांचा खरा तोटा

स्किझोफ्रेनियात दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येकी योग्य डोसमध्ये किमान सहा आठवडे नीट घेऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार करतात. हे औषध प्रभावी आहे, पण त्यासाठी रक्ततपासणी नियमित करावी लागते. फाईलमध्ये दहा-दहा दिवसांची सहा औषधं असतील, तर त्यातलं खरं किती निष्फळ ठरलं हे कुणीच सांगू शकत नाही. आणि दोन प्रयत्न खरोखर पूर्ण होऊन फसले असतील, तर तीच गोळी वर्षानुवर्षं रेटणंही चूकच.

थांबायचं नाही, असे प्रसंग

आत्महत्येचे विचार, अंगावर पुरळ, ताप येऊन अंग ताठरणं, झोप न लागता अचानक अति उत्साह, किंवा लिथियम चालू असताना उलट्या-जुलाब, हातापायांची जोरात थरथर, तोल जाणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लिथियम घेणाऱ्यांनी उन्हात काम करताना पाणी कमी पडू देऊ नये. गर्भधारणा असेल किंवा ठरवत असाल, तर गोळी परस्पर बंद न करता आधी विचारा.

एवढं करा

एक वही ठेवा. औषधाचं मूळ नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, चुकलेले दिवस, झोप, भूक आणि कामाला गेलात की नाही, एवढं लिहा. गोळीचा रंग किंवा कंपनी बदलली म्हणजे औषध बदललंच असं नाही, म्हणून मूळ नाव तपासा. आपल्या उपचारांची माहिती मागायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिला आहे. तो वापरा. मधे शंका आली तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या भेटीत "दुसरी द्या" म्हणण्याआधी विचारा, "डॉक्टर, या गोळीला पुरेसा डोस आणि पुरेसे दिवस मिळाले का?" उत्तर 'हो' असेल, तर जरूर बदला.