सुटी कोणाची?

जूनमध्यें शाळा उघडल्या कीं मराठीच्या तासाला पहिला निबंध ठरलेला असे : ‘मी उन्हाळ्याची सुटी कशी घालविली?’ हा निबंध आम्हीं विद्यार्थिदशेंत लिहिला आणि पुढें तीस-बत्तीस वर्षें इतरांकडून लिहवून तपासलाहि. त्या शेंकडों वह्यांत सुटी वाईट गेली असें एकाहि मुलानें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. सर्वांना ‘फार मौज वाटली’, सर्वांनीं आंबे खाल्ले, आणि सर्वांचे दिवस ‘भुर्रकन्’ निघून गेले. मुलें खोटें लिहीत होतीं असें नव्हे. पण सुटी ही आनंदाचीच असावयाची असा एक दंडक आपण त्यांना घालून देतों, आणि तो मोठेपणींहि सुटत नाहीं. म्हणून या महिन्यांत आवडत्या सुटीबरोबर नावडत्या सुटीचेंहि वर्णन वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वास्तविक ही लांबलचक सुटी आपल्याकडील जुनी चीज नव्हे. पाठशाळांत अनध्याय असत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींस अध्ययन बंद. शिवाय मेघगर्जना झाली, धुळीचें वादळ सुटलें, कोल्हेकुई ऐकूं आली किंवा घरीं कोणी शिष्ट पाहुणा आला, तरी पोथी मिटावी असें स्मृतिकारांनीं सांगून ठेविलें आहे. (यांपैकीं पाहुण्याविषयींची आज्ञा आजचीं मुलें न शिकवितांच पाळतात!) परंतु अनध्याय झाला म्हणून कोणी गांव सोडून जात नसे. सबंध कुटुंबानें वळकट्या बांधून हवा पालटण्यास जाणें ही इंग्रजी अमदानीची देणगी. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं मुक्काम हलवीत. सर जॉन माल्कम यांच्या नांवानें तेथील पेठेस माल्कमपेठ म्हणत. साहेब गेला, तरी साहेब जेथें जाई तेथें आपणहि एकदां जाऊन यावें ही हौस मागें राहिली, आणि आमच्या थोरल्या काकांना ती फार होती.

तर आमची नावडती सुटी ती हीच. १९७० सालच्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आमचें कुटुंब तेव्हां गिरगांवांत होतें. तीन भाऊ, तिघांचे संसार, वर आजी, मिळून चौदा माणसें एस्. टी. मोटारीनें महाड, पोलादपूर आणि तेथून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरास पोंचलीं. घाटांत आम्हां भावंडांपैकीं पांचजणांच्या पोटांतील दशम्या बाहेर पडल्या, तो अपशकुनच म्हणावयाचा. एका बंगल्याच्या मागल्या दोन खोल्या, एक कांचेची पडवी आणि बाहेर स्वयंपाकाचें खोपट एवढी जागा आठ दिवसांकरितां घेतली होती. दुसऱ्याच दिवशीं पावसानें गांठलें. या गांवीं वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो हें आम्हांस भूगोलांत शिकविलेलें होतें. त्यांतील कांहीं इंच आमच्या वांट्यास मे महिन्यांतच आले. आर्थर सीटवरून सावित्रीचें खोरें दिसतें म्हणून भिजत गेलों, तों धुक्यामुळें चार हातांवरचा सख्खा भाऊ दिसेना. क्षेत्र महाबळेश्वरास कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचें पाणी गोमुखांतून पडतें, तें पाहून आजी एवढेंच म्हणाली, “चहूंकडून पाणीच पडतंय, एका गोमुखाचं काय सांगतोस?”

तिसऱ्या दिवशीं खोपटाचें छप्पर गळूं लागलें. कोळसे भिजले, स्टोव्हचा पंप निकामी झाला, आणि खानावळींतून डबे मागवावे लागले. आमटी पाण्यासारखी, पोळ्या वातड. वर त्या डब्यांचा खर्च कोणीं सोसावा यावरून थोरले काका आणि आमचे वडील यांची बोलाचाली झाली. जागा थोरल्यांनीं ठरविलेली, म्हणून भुर्दंड त्यांनीं भरावा असें वडिलांचें म्हणणें. हौस सर्वांची होती, म्हणून खर्चहि सर्वांचा असें थोरल्यांचें. दोघे सख्खे भाऊ परत येईपर्यंत एकमेकांशीं बोलले नाहींत. जें सांगावयाचें तें मुलांकडून सांगवीत. अकरा वर्षांच्या वयांत असे निरोप पोंचविणें किती जड जातें हें ज्यानें पोंचविले असतील त्यासच ठाऊक.

आवडत्या सुट्या कोंकणांतल्या. हर्णैच्या पुढें खाडीपलीकडे आमचें मूळ घर आहे. तेव्हां भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघे. पुढें ती वाहतूक बंद पडली, आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यावर तर लोक खेडास उतरून दापोलीकडे जाऊं लागले. पण आगबोटीची सर गाडीस नाहीं. हर्णैस धक्का नसल्यामुळें बोट समुद्रांतच उभी राही, आणि शिडीवरून खालीं हेलकावणाऱ्या पडावांत उतरावें लागे. खालीं उभा असलेला खलाशी लहान मुलांना पोत्याप्रमाणें झेली. मागें पाण्यांत सुवर्णदुर्ग, पुढें किनाऱ्यावरचीं माडांचीं डोकीं. आजी मात्र डोळे मिटून राम राम म्हणत असे. १९४७ च्या जुलैंत रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती गोष्ट तिच्या पिढीचा माणूस बोटींत पाय ठेवतांना कधीं विसरला नाहीं.

घरीं तीन पिढ्यांचीं सव्वीस माणसें जमत. हापूस मुंबईकरितां पेट्यांत जाई; आम्हां मुलांच्या वांट्यास रायवळ, आणि खरें सांगावयाचें तर गंमत रायवळांतच. खळ्यांत घमेलें भरून ठेविलेले असत. कोणीं किती खाल्ले याचा हिशोब कोयी मोजून. बरके फणस फोडतांना हातांस लावावयाचें तेल, दुपारीं ओटीवर पसरलेल्या वाळवणाची राखण, पडवींत आडवे झालेले काका, आणि उन्हें कललीं कीं समुद्र. घरापासून वाळूपर्यंत पांच मिनिटांचीहि वाट नव्हती. १९६८ चा उन्हाळा तर असा कीं, आम्हीं पोहावयास शिकलों, चांदण्यांत पुळणीवर हुतूतू खेळलों, आणि पायांत चप्पल घातल्याचें तीन आठवड्यांत आठवत नाहीं. आगोट जवळ आली, बोटी बंद होण्याची वेळ झाली, म्हणजे निघावयाचें. त्या दिवशीं आम्ही हटकून रडत असूं.

हें सर्व आज आठवण्यास कारण घडलें तें असें. येत्या मे महिन्यांत सर्व भावंडांनीं व त्यांच्या मुलांनीं मूळ घरीं पंधरा दिवस जमावें असा बेत निघाला आहे. घर अजून सामाईक आहे. कांहींजण तें विकून टाकावें या विचाराचे आहेत, आणि एकदां सगळे तेथें राहून आले म्हणजे तो विचार मागें पडेल अशी आम्हां वडीलधाऱ्यांची आशा. बेत ठरत आला असतां एका पुतण्याची पत्नी (बाई मोठ्या हुद्द्यावर आहे व बोलण्यांत मोकळी) म्हणाली, “स्वयंपाकाला माणूस ठेवणार असाल तर आम्ही येऊं.” यावर बराच खल झाला. आमचे एक चुलतबंधु म्हणाले, आमच्या आयांनीं सव्वीस माणसांचें रांधलें, त्यांनीं कधीं अशी अट घातली नाहीं. अट घातली नाहीं हें खरें. पण त्यांना कोणीं विचारलें होतें काय, असें आमच्या मनांत आलें. त्या पिढींतील आतां एकट्या धाकट्या काकू हयात आहेत. वय नव्वदीस टेकलें आहे, स्मृति मात्र आमच्याहून तल्लख. तेव्हां आम्ही त्यांच्याकडे गेलों व त्यांना १९६८ च्या उन्हाळ्याविषयीं विचारलें.

“अडुसष्ट का पासष्ट, मला सगळे सारखेच,” काकू म्हणाल्या. “पहाटे चारला रहाट सुरू. दोन पायल्या तांदूळ रोज. आधी तुम्हां पोरांची पंगत, मग पुरुषांची, मग आम्ही. तोवर भात गार आणि आमटी खाली गेलेली. त्यांत आगोटीची बेगमी : पापड, सांडगे, रातांबे फोडायचे, आंबापोळी घालायची. तुमची सुटी होती रे ती. मी समुद्र पाहिला तो पडावांत चढतांना नि उतरतांना.”

घरापासून समुद्र पांच मिनिटांवर होता, असें आम्हीं म्हटलें.

“पांच मिनिटं कुणाला होती?”

प्रवास या शब्दाचा धात्वर्थ घरापासून दूर राहणें असा आहे. प्रोषितभर्तृका, म्हणजे जिचा नवरा दूरदेशीं आहे अशी स्त्री, हा काव्यांतील शब्दहि त्याच धातूपासून निघाला. दूर राहणारा तो, आणि वाट पाहणारी ती. पण ती बरोबर निघाली तरी तिचा प्रवास होतो असें या अर्थानें म्हणतां येणार नाहीं. कारण चूल, पाटा आणि परात तिच्याबरोबर निघतात. वैयाकरणांनीं याचा विचार केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

मग काकूंना विचारलें, तुम्हांला आवडलेली सुटी कोणती?

“महाबळेश्वरची,” त्या विचार न करतां म्हणाल्या.

आम्ही पाहतच राहिलों.

“अरे, छप्पर गळलं ना! चूलच पेटेना. डबे आले, आणि आम्ही तिघी जावा काचेच्या पडवीत शाली पांघरून बसलो, धुकं बघत. थोरल्या जाऊबाईंना इतकं चांगलं गातां येतं हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. तुझी आई तर नकला करायची, सासूबाईंचीसुद्धा. आणि सासूबाई ऐकून हसत होत्या.”

“पण ती आमटी, काकू?”

“आमटी वाईटच होती. पण मी केलेली नव्हती.”

“आणि दादा-काकांचं भांडण?”

“झालं होतं का?” काकू म्हणाल्या. “आम्हांला पडवीत काही ऐकूं आलं नाही.”

हें संभाषण आम्हीं चुलतबंधूंस जसेंच्या तसें लिहून कळविलें. त्यांचें उत्तर येण्यास आठ दिवस लागले, परंतु आलें तें होकाराचें. गांवांतील दोन बायका स्वयंपाकास सांगावयाच्या, त्यांची मजुरी माणशीं वांटून घ्यावयाची, पंगत एकच बसवावयाची, आणि विहिरीवरचा पंप दुरुस्त करून घ्यावयाचा, एवढें ठरलें आहे. सोंवळ्याचा प्रश्न एका ज्येष्ठ भगिनीनें काढला होता. तिला स्वतः चूल सांभाळण्याची मुभा देण्यांत आल्यावर तो तिनेंच मागें घेतला. घर राहतें कीं जातें याचा निकाल पंधरा दिवसांच्या अखेरीस लागेल.

हें सांगावयास पुन्हां काकूंकडे गेलों, तेव्हां त्या म्हणाल्या, “मलाही न्या. मोटार दारापर्यंत जाते ना आतां? फक्त एक करा. माझी खुर्ची समुद्रावर नेऊन ठेवा. आणि जेवायला हांक मारलीत तर मी लगेच उठेन असं समजूं नका.”