भोकांचा हिशेब

सायकलच्या रिमला भोकं पाडून तिचं वजन कमी करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत अत्यंत वाईट आहे. हे मत देण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी इंजिनिअर नाही, पहिलवान नाही. बँकेत काउंटरच्या आत बसणारा बी. कॉम. झालेला क्लार्क आहे. पण भोकं आणि हिशेब या दोन्ही गोष्टींचा मला अनुभव आहे. तो पुढे येईलच.

आमचा भाचा इंजिनिअरिंग शिकायला नागपूरला आमच्याकडे राहतो. मे महिन्यातल्या एका रविवारी, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, मी कूलरसमोर डोळे मिटून पडलो होतो. एवढ्यात अंगणातून दाढ दुखवणारा आवाज आला. बाहेर जाऊन पाहतो तर माझ्या वडिलांची बावीस इंची काळी सायकल उलटी करून ठेवलेली, पुढच्या चाकाचं टायर-ट्यूब काढलेलं, रिमवर दोन स्पोकांच्या बरोबर मध्ये खडूच्या खुणा केलेल्या, आणि भाच्याच्या हातात ड्रिल मशीन! सुदैवाने तो अजून एका फळकुटावर हात बसवत होता.

"काय करून राहिला बे?" मी ओरडलो. एरवी मी घरात पुणेरी बोलण्याचा प्रयत्न करतो, पण संकटात माणसाला मातृभाषाच आठवते.

"मामा, वजन कमी करतोय. आजोबांची सायकल आहे वीस किलोची. सेमिनरी हिल्सच्या चढावर जीव जातो माझा."

मग त्याने मला एडी मर्क्सची कथा ऐकवली. ती खोटी नाही. हा बेल्जियमचा सायकलपटू 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर गेला. एर्नेस्तो कोल्नागो या इटालियन कारागिराने त्याच्यासाठी जी सायकल बनवली तिचं वजन होतं पावणेसहा किलो. तिच्या हँडललाच काय, चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं होती. झालं! सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतले हौशी सायकलवाले ड्रिल घेऊन आपापल्या सायकलींवर तुटून पडले. ब्रेकच्या दांड्या, चेनचं दातेरी चक्र, सीटची नळी, काही म्हणून सोडलं नाही.

पण या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. मर्क्सची सायकल एक तास चालायची होती. गुळगुळीत ट्रॅकवर, मागे कॅरिअर नाही, समोर खड्डा नाही, आडवी आलेली म्हैस नाही. आपली सायकल आयुष्यभर चालायची असते, आणि तीही महापालिकेच्या रस्त्यावरून. जी गोष्ट एका तासासाठी शहाणपणाची, ती तीस वर्षांसाठी शहाणपणाची असेलच असं नाही. लग्नाचे कपडे घालून कुणी दळण आणायला जात नाही. पुढे 2000 साली तर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियमच केला, की शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालणार नाही. त्यामुळे काही सायकलींना वजन भरायला वरून शिसं लावायची पाळी आली.

आता हिशेब. मी भाच्याला तिथेच ओसरीवर बसवून पेन्सिल-कागद दिला. पोलादी रिमचा पत्रा सव्वा मिलिमीटर जाड धर, भोक सहा मिलिमीटरचं. एका भोकातून निघणारं पोलाद पाव ग्रॅमच्या किंचित वर. पुढच्या चाकात बत्तीस स्पोक, मागच्यात चाळीस. म्हणजे फटी बहात्तर, भोकं बहात्तर. बचत वीस ग्रॅम! तू पंचाहत्तर किलो, सायकल वीस किलो. पंचाण्णव हजार ग्रॅमात वीस ग्रॅम म्हणजे शंभर रुपयांना दोन पैसे. आमच्या बँकेत एवढ्या व्याजाची ठेव कुणी मागितली तर मीच त्याला पाणी देऊन घरी पाठवीन. आणि चढावर जाताना तू दांडीला जी एक लिटर पाण्याची बाटली अडकवतोस, तिच्याएवढं वजन कमी करायचं तर तीन हजार सहाशे भोकं पाडावी लागतील. तेवढी पाडलीस तर रिम उरणार नाही, नुसती भोकंच उरतील.

"पण फिरत्या चाकाच्या कडेचा एक ग्रॅम दोन ग्रॅमसारखा असतो," भाचा म्हणाला. पोरगा अगदीच वाया गेलेला नाही. हे खरं आहे, पण फक्त वेग वाढवताना. चाक एकदा एका गतीने फिरू लागलं की ती सवलत बंद. तरी मी उदारपणे दुप्पट धरली. शंभराला चार पैसे.

आणि या चार पैशांसाठी गहाण काय टाकायचं? तर रिम! सायकलमध्ये मडगार्ड आहे, चेनकव्हर आहे, स्टँड आहे, कुलूप आहे. यातलं काहीही काढलं तरी सायकल चालते. रिमचं तसं नाही. सगळे स्पोक तिला आत ओढत असतात, आणि ती कुरकुर न करता गोल राहते. घरातल्या कर्त्या माणसासारखं तिचं काम. तिला भोक पाडलं की सगळा ताण त्या भोकाच्या काठावर गोळा होतो. वरचा चकचकीत मुलामा निघतो, पावसाळ्यात तिथूनच गंज आत शिरतो. पत्रा एकेरी, त्यामुळे हवा भरली की ट्यूब भोकातून फुग्यासारखी डोकावते. कारखान्यात मुद्दाम भोकं ठेवून बनवलेल्या रुंद रिमा असतात, नाही असं नाही. पण त्यांची रुंदी, त्यांचा धातू आधी भोकं धरून ठरवलेला असतो. घर बांधताना खिडकी ठेवणं वेगळं आणि राहत्या घराच्या खांबाला खिडकी पाडणं वेगळं.

हे मला इतकं ठाऊक, कारण 1998 साली याच सायकलला मी भोकं पाडली होती.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सायकल शर्यत होती. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये भोकाला चार आणे या दराने बहात्तर भोकं पाडून घेतली. अठरा रुपये. ग्रॅमला नव्वद पैसे पडले. चांगला तांदूळसुद्धा तेव्हा इतका महाग नव्हता. आत दुहेरी रिमपट्टी लावली, म्हणजे वाचवलेलं वजन परत आलंच. वेगाच्या शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो. त्याच सायकलवर सावकाश चालवण्याच्या शर्यतीत मात्र तिसरा आलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाबा कॅरिअरवर दहा किलो गव्हाचं दळण घेऊन येत होते. घराजवळच्या गतिरोधकावर मागची रिम दोन भोकांच्या मध्ये दुमडली. चाकाचा इंग्रजी आठ झाला, पीठ रस्त्यावर आणि बाबांचं उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर सहा आठवडे होतं. त्यांच्या ऑफिसात त्यांचं अक्षर नावाजलेलं. पगार काढायला बँकेत गेले, डाव्या हाताने सही केली, काउंटरवरचा म्हणाला, सही जुळत नाही. शेवटी अंगठा उमटवावा लागला. मी शेजारी उभा होतो. शाईचं बोट पुसायला त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि उजव्या हाताने पुसता येईना, तेव्हा मी पुसलं. आज मी काउंटरच्या आत बसतो. प्लॅस्टर घातलेला हात समोर आला की मी उठून बाहेर जातो.

बाबा मला रागावले नाहीत. मीच एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही भोकं पाहिली नव्हती?"

"पाहिली न," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगा कॉमर्सचा आहे, हिशेब केला असंल."

एवढंच. मग त्यांनी नव्या रिमा बसवल्या आणि पुढे कितीतरी वर्षं तीच सायकल चालवली. आता ते नाहीत, सायकल आहे.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग मी त्याला आपल्याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं सांगितलं. 2017 साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत त्यांनी एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. असला पल्ला भोकांनी नाही गाठता येत. रोज पहाटे उठून, पाय झिजवून गाठावा लागतो. तुला वेग हवा ना? टायरमध्ये पुरेशी हवा भर. चेन धुऊन तेल दे. चाकाचा आऊट काढून आण. आणि रविवारी दोन प्लेट तर्री पोह्यांऐवजी एकच प्लेट खा. एका प्लेटीत हजारभर भोकांची बचत होते, आणि चार आण्यांप्रमाणे अडीचशे रुपये मजुरीही वाचते.

"मामा, पोह्यांचं सोडून बाकी सगळं करतो," तो म्हणाला.

रिमवरच्या खडूच्या खुणा त्याने ओल्या फडक्याने पुसल्या. ड्रिल मशीन सध्या माझ्या कपाटात आहे. बायको दोन महिने झाले पडद्याची दांडी लावून द्या म्हणतेय. त्यासाठी भिंतीला चार भोकं पाडायची आहेत. मी अजून हिशेब करतोय.