बोट लागते तेव्हा, पाळी येते तेव्हा



डिसेंबरच्या सुट्टीत आमच्या घरातली नऊ माणसं मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाऊन आली. चार रात्री जहाजावर होतो. फोटो छान आले, मुलं खूश झाली. पण या सफरीत एक गोष्ट अशी घडली की ती सांगितल्याशिवाय या महिन्याचं सदर लिहावंसं वाटलं नाही. जिच्यावर ती गुजरली, त्या आमच्या छोट्या भाभीनेच सांगितलं, "लिहा, म्हणजे दुसरीवर ही वेळ येणार नाही."

एका केबिनमध्ये अम्मी, भाभी आणि आम्ही दोघी बहिणी होतो. पुरुष आणि मुलं शेजारच्या केबिनमध्ये. पहिल्याच रात्री समुद्र थोडा हलला आणि भाभीला बोट लागली. उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं, होतं असं, सकाळपर्यंत ठीक होईल. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. जेवण नको म्हणाली, पाणीही नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी बेटावर जायला छोट्या बोटीच्या रांगेत उभी असताना तिला चक्कर आली आणि ती खाली बसली. जहाजावरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, विचारपूस केली, तेव्हा सगळं बाहेर आलं.

तिची पाळी नेमकी सफरीच्या दिवसांतच येणार होती. तिने कुणाला न विचारता मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि त्या निघायच्या आदल्या दिवशी सुरू केल्या. पहिल्या रात्री गोळी घेतली आणि अर्ध्या तासात उलटीबरोबर ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पाळी आली. सोबत चारच पॅड. अम्मीसमोर सांगायची लाज आणि बाथरूम चौघींत एकच. वारंवार जावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच बंद केलं. उलट्या, रक्तस्राव आणि पाणी नाही. मग चक्कर येणारच.

आम्ही चौघी एका खोलीत झोपत होतो आणि तरी आम्हाला कळलं नाही. ही शरम भाभीची नाही, आमची आहे.

आमची दादी जहाजाने हजला गेली होती. तेव्हा हाजी मुंबईहून जहाजानेच जिद्दाला जात. १९९५ पर्यंत ही समुद्राची वाट चालू होती. दादी सांगायची की बायका एकमेकींना लिंबू, आलेपाक आणि धुतलेली जुनी फडकी द्यायच्या आणि कुणाला हैज आला तर शेजारची बाई न विचारताच ओळखायची. त्या काळात सोयी नव्हत्या, पण बोलणं होतं. आज सगळ्या सोयी आहेत आणि आपण बोलत नाही.

आता कामाचं बोलू. आधी बोट लागण्याविषयी.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. जहाज हलतं ते कानाला कळतं, पण केबिनच्या भिंतीकडे पाहणाऱ्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. दोन्हींकडून वेगवेगळी खबर आली की मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. म्हणून बोट लागणं म्हणजे नाजूकपणा नव्हे. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो आणि पाळीच्या दिवसांत व गरोदरपणात तो आणखी वाढू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र सर्वांत जास्त होतो.

बुकिंग करतानाच काळजी घ्या. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर जास्त. पावसाळ्यात आपल्याकडचा अरबी समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे अशा सफरींसाठी पावसाळा संपल्यावरचे थंडीचे महिनेच बरे.

जहाजावर मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये पडून मोबाईल बघू नका. डेकवर मोकळ्या हवेत या आणि जिथे आकाश पाण्याला टेकतं त्या रेषेकडे बघत राहा. ती रेषा स्थिर असते, त्यामुळे डोळे आणि कान यांचा मेळ बसतो. उठवतच नसेल तर डोळे मिटून, डोकं न हलवता उताणं पडा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. बिर्याणी, तळलेलं, मसालेदार पहिल्या दिवशी टाळा. सुकं टोस्ट, खारी बिस्किटं, भात, केळं चालतं. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक काहींना बरा पडतो. त्रास जास्त असेल तर एवढ्यावर भागत नाही.

मग गोळी. आपल्याकडे अवोमिन घराघरात माहीत आहे. तिच्यात प्रोमेथाझिन असतं. लक्षात ठेवायची गोष्ट ही की ही गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असते. लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना, नाहीतर निघण्याआधी एक-दोन तास. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही, मग "गोळीने काही झालं नाही" असं आपण म्हणतो. या गोळीने झोप येते, तोंड कोरडं पडतं. म्हणून तिच्याबरोबर झोपेची गोळी किंवा झोप आणणारं खोकल्याचं औषध घेऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दोन वर्षांखालच्या बाळाला ही गोळी देऊच नका. मोठ्या मुलांचा डोसही डॉक्टरच ठरवतील. मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका.

आता पाळीविषयी.

सफर ठरली की आधी कॅलेंडर काढा. गेल्या तीन-चार महिन्यांच्या तारखा लिहून ठेवल्या असतील तर पुढची तारीख साधारण कळते. शक्य असेल तर सफरीचीच तारीख आठवडाभर पुढे-मागे करा. हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि त्याचा काही दुष्परिणाम नाही. पण त्यासाठी तिकीट काढणाऱ्या पुरुषाला कुणीतरी सांगायला हवं की ही तारीख आम्हाला सोयीची नाही. आमच्या घरात तिकिटं भावाने काढली. त्याने विचारलं नाही, भाभीने सांगितलं नाही.

तारीख बदलता येत नसेल आणि पाळी लांबवायची असेल, तर नॉरएथिस्टेरॉन नावाच्या गोळ्या असतात. हज-उमऱ्याला जाणाऱ्या पुष्कळ बहिणींना त्या माहीत आहेत. साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आदल्या दिवशी सुरू केली तर उशीर झालेला असतो. भाभीची पहिली चूक हीच.

दुसरी चूक, डॉक्टरांना न विचारणं. या गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल किंवा गरोदर असण्याची शंका असेल, तर त्या घ्यायच्या नाहीत. अर्धशिशी, रक्तदाब, मधुमेह, जास्त वजन असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीच्या रिफाम्पिसिनने आणि फिट्सच्या काही औषधांनी या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून सफरीच्या महिनाभर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. या गोळ्यांनी गर्भ राहणं थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट भाभीलाच काय, आम्हालाही ठाऊक नव्हती. बोट लागणं आणि पाळीची गोळी यांचा थेट संबंध आहे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं समजायचं. अशा वेळी काय करायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दोन-चार गोळ्या जास्तीच्या ठेवा. ज्यांना बोट लागते त्यांनी आधी उलटीचा बंदोबस्त करावा, तरच पाळीच्या गोळीचा उपयोग. शिवाय या गोळीनेही काहींना मळमळतं. पाळीच्या पहिल्या दिवशीही मळमळतं. आणि दिवस गेले असतील तरी मळमळतं. तारीख चुकली असेल तर सगळा दोष समुद्राला देऊ नका. गोळ्या सुरू करण्याआधी घरच्या घरी लघवीची तपासणी करून घ्या.

गोळ्या नीट घेतल्या तरी मध्येच थोडे डाग पडू शकतात. मग नमाज पढायची की नाही, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर या सदरातून देण्याचा आमचा अधिकार नाही, निघण्याआधी जाणत्या आलिमांना विचारून घ्या. एवढं मात्र सांगू शकतो की आरोग्याला इजा होत नसेल तर अशा गोळ्यांना अनेक उलेमांनी परवानगी दिली आहे. आणि पाळी आलीच तर त्यात गुन्हा काही नाही. हैजच्या दिवसांत नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. हज्जतुल विदाच्या सफरीत हजरत आयशा रजिअल्लाहु अन्हा यांना पाळी आली आणि त्या रडल्या, तेव्हा प्रेषित सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना धीर दिला होता, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. जी गोष्ट त्या तंबूत बोलली गेली, ती आपल्या केबिनमध्ये का बोलली जाऊ नये?

गोळी न घेता पाळीसह सफर करणंही काही अवघड नाही. पॅड नेहमीपेक्षा दीडपट घ्या. जहाजावरच्या दुकानात आपल्याला हवे ते मिळतीलच असं नाही. जहाजाचं संडास हवेच्या दाबाने ओढणारं असतं. त्यात पॅड काय, ओला कागदी रुमालही टाकायचा नाही. पूर्ण नळी तुंबते आणि शेजारच्या केबिनींनाही त्रास होतो. कागदी पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं सोबत ठेवा, गुंडाळून डब्यात टाका. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर घरी दोन-तीन पाळ्या सवय करा. हलत्या बाथरूममध्ये पहिल्यांदा शिकायला जाऊ नका. गडद रंगाचा कुर्ता, दोन जास्तीच्या सलवारी आणि गरम पाण्याची पिशवी ठेवा. पोटदुखीची गोळी उलट्या चालू असताना रिकाम्या पोटी घेऊ नका, त्याने पोट आणखी बिघडतं.

आणि पाणी. उलटी होत असेल तर ग्लासभर पाणी एकदम पिऊ नका, पाच-पाच मिनिटांनी दोन-दोन घोट घ्या. ओआरएसची पाकिटं घरून न्या. एक पाकीट त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा, आपल्या मनाने घट्ट किंवा पातळ करू नका.

पुढचं काही दिसलं तर लाज बाजूला ठेवून थेट जहाजावरचा दवाखाना गाठा. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, दोन तास सलग दर तासाला पॅड भिजत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा अचानक भयंकर डोकं दुखून अंधारी येत असेल. हा दवाखाना फुकट नसतो, म्हणून प्रवासाचा विमा आधीच काढून ठेवा. सलाईनचं बिल पाहून आमच्या भावाचा चेहरा उतरला होता. पण त्याला जास्त लागलं ते दुसरंच. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच तो भाभीला म्हणाला.

त्या रात्री अम्मी भाभीच्या उशाशी बसली. म्हणाली, "बेटी, मला पाच पोरं झाली. तुला काय वाटलं, मला पाळी माहीत नाही?" भाभी रडता रडता हसली. मग अम्मीने स्वतःच्या बॅगेतून मऊ सुती ओढणी काढली, तिचे तुकडे केले आणि तिच्या हातात दिले. चौथ्या दिवशी भाभी डेकवर आली, खुर्चीत बसून तिने लिंबूपाणी प्यायलं आणि परतीचा सूर्यास्त आमच्याबरोबर पाहिला. बेट मात्र तिचं राहूनच गेलं.

पुढच्या सुट्टीत कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. पण आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता चार वेगवेगळ्या रंगांच्या खुणा असतात आणि तिकीट काढण्याआधी भाऊ त्या कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहतो. काही बोलत नाही, फक्त बघतो आणि विचारतो, "कोणता आठवडा?" तुमच्या घरातही असं एखादं कॅलेंडर इन्शाअल्लाह लागो.