संविधान वादासकट शिकवा

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत संविधान शिकवलेच जात नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात 'भारताचे संविधान' हा विषय अनिवार्य केला. कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांतही तो कुठे दोन श्रेयांकांचा पेपर म्हणून, तर कुठे मूल्यशिक्षणाच्या गटातला एक विषय म्हणून आला आहे. 26 नोव्हेंबरला व्याख्याने होतात, उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. हे सगळे चांगलेच आहे. पण तंत्रशिक्षण परिषदेने विषय अनिवार्य करताना त्याला श्रेयांक मात्र दिला नाही, यातच पुढचे सगळे आले. ज्या विषयाचे गुण धरले जात नाहीत तो विद्यार्थी कशाला वाचेल आणि वेळापत्रकात त्याला चांगला तास कोण देईल? जिथे श्रेयांक आहेत तिथे दोन श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. त्यात निर्मितीचा इतिहास, उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, संसद, न्यायपालिका आणि पंचायत राज बसवायचे, म्हणजे प्रत्येकाची व्याख्या आणि वैशिष्ट्ये सांगून पुढे सरकायचे. परीक्षेत मग 'मूलभूत हक्कांचे महत्त्व विशद करा' असा प्रश्न येतो आणि बाजारातल्या मार्गदर्शकातले पाच मुद्दे उतरवून विद्यार्थी मोकळा होतो.

अनिवार्य विषयांचे असे होते हे आपण एकदा पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरण हा विषय सर्व पदवी अभ्यासक्रमांत आणला. त्यामागचा हेतू नि:संशय मोठा होता आणि आयोगाच्या आराखड्यात क्षेत्रभेटीलाही जागा होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याची एक प्रकल्पवही झाली. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी, दरवर्षी तीच, फक्त नाव आणि हजेरी क्रमांक बदललेली. संविधानाचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर तास वाढवण्याआधी आपण नेमके काय शिकवतो ते बदलावे लागेल. आज आपण संविधानातली उत्तरे शिकवतो. ज्या प्रश्नांवर माणसे भांडली आणि ज्यांतून ही उत्तरे निघाली, ते प्रश्न वर्गात येतच नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की संविधान त्याच्यामागच्या वादांसकट शिकवावे, आणि तीस तासच असतील तर सगळे भाग उरकण्याऐवजी चार-पाच वाद मुळापासून शिकवावेत.

आणीबाणीचेच उदाहरण घेऊ. पाठ्यपुस्तकात ती तीन प्रकारांची असते आणि त्यांना तीन अनुच्छेद असतात, 352, 356 आणि 360. एवढे पाठ केले की गुण मिळतात. आता हाच भाग ऑगस्ट 1949 मधल्या संविधान सभेपासून सुरू करून पाहा. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित करता येईल, अशी तरतूद मसुद्यात होती. आज ती अनुच्छेद 359 मध्ये आहे. ह. वि. कामत यांनी या सगळ्या प्रकरणाला कडाडून विरोध केला. जर्मनीच्या वायमार संविधानातल्या अशाच तरतुदींचा हिटलरने कसा फायदा घेतला, याची त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली, आणि तरतूद मंजूर झाली त्या दिवसाला लाजेचा आणि दु:खाचा दिवस म्हटले. समोरच्या बाजूचे म्हणणेही कच्चे नव्हते. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, काश्मीरचे युद्ध नुकतेच थांबले होते, हैदराबादचा प्रश्न सुटून वर्षही झाले नव्हते, तेलंगणात सशस्त्र उठाव चालू होता. देशच टिकला नाही तर हक्क कुठे टिकणार, असा त्यांचा सवाल होता. विसाव्या वर्षात असलेल्या मुलामुलींना या दोन बाजू देऊन 'तुम्ही त्या सभागृहात असता तर मत कोणाला दिले असते?' एवढे विचारले, तरी तासभर वर्ग जागा राहील.

आणि ही गोष्ट 1949 मध्ये संपत नाही. जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि दोन दिवसांत याच 359 खाली 14, 21 आणि 22 या अनुच्छेदांसाठी न्यायालयाची दारे बंद करणारा आदेश निघाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला, मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का, असे न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवाद्यांना विचारले. आणीबाणी चालू असेपर्यंत नाही, असे उत्तर मिळाले. 28 एप्रिल 1976 रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे उचलून धरले. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला आणि पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. 44 व्या घटनादुरुस्तीने 20 आणि 21 हे अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरवले आणि कामतांचे म्हणणे निम्मे तरी मान्य झाले. उरलेली दुरुस्ती 24 ऑगस्ट 2017 ला झाली. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 1976 चा तो निकाल रद्द ठरवला आणि तो गंभीररीत्या चुकीचा होता हे ज्यांनी लिहिले ते न्या. धनंजय चंद्रचूड, यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. तरतूद, तिचा गैरवापर, न्यायालयाची चूक, संसदेने केलेली दुरुस्ती आणि न्यायालयाने चाळीस वर्षांनी दिलेली कबुली हे सारे एका धाग्यात येते. संसद, न्यायपालिका, राष्ट्रपती, घटनादुरुस्ती आणि मूलभूत हक्क यांवर वेगवेगळी पाच टिपणे देण्याची गरजच उरत नाही.

संविधानातल्या उणिवा आणि चुका वर्गात मांडल्या तर त्याच्याविषयीचा आदर कमी होईल, ही शंका महाराष्ट्रात हलक्याने घेता येत नाही. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर येणारा माणूस संविधानाची प्रत विकत घेऊन घरी नेतो, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानातून मिळालेल्या माणूसपणाची भावना आहे. तिला धक्का लागेल असे काही कोणीच करू नये. पण या शंकेचे उत्तर खुद्द बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग असल्याचे बजावले. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल, हेही त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी सभागृहातल्या विरोधकांची नावे घेऊन आभार मानले. त्यांत कामत होते, के. टी. शहा होते, हृदयनाथ कुंझरू होते आणि आपले विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, अशी कृतज्ञता त्यांनी व्यक्त केली. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा हिशेबही त्यांनीच दिला. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी ज्या वादांचे ऋण मानले ते वाद गाळून संविधान शिकवणे, यात त्यांचा सन्मान कसा होईल?

दुसरा आक्षेप प्राध्यापकांकडून येतो आणि तो भीतीचा आहे. वर्गात राजकारण येईल, कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढेल, संदर्भ तोडून ती फिरेल आणि नोकरीवर गदा येईल. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला ही जोखीम परवडत नाही, हे खरे आहे. पण नेमक्या याच कारणासाठी ही पद्धत अधिक सुरक्षित आहे. शिक्षकाने स्वत:चे मत सांगायचेच नाही. दोन्ही बाजूंची मूळ भाषणे, बहुमताचा निकाल आणि विरोधी निकाल समोर ठेवायचे आणि मुलांना बोलू द्यायचे. संस्थेने मात्र अशा शिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. प्राचार्यांनी पहिल्याच तक्रारीला खुलासा मागवायला सुरुवात केली तर कोणतीच पद्धत चालणार नाही. मोकळ्या चर्चेचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. आयईए या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1999 मध्ये 28 देशांतल्या सुमारे 90 हजार चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. वर्गात मतभेद मोकळेपणाने मांडता येतात असे ज्यांना वाटत होते, त्यांचे नागरिकशास्त्राचे ज्ञानही अधिक होते आणि पुढे मतदान करण्याची तयारीही. भारत त्या अभ्यासात नव्हता आणि ती मुले शाळकरी होती. पण अठरा वर्षे पूर्ण करून मतदार झालेल्यांना हे कमी लागू पडेल असे मानायला कारण दिसत नाही.

शाळेत हे सगळे शिकवून झालेले असते, मग पुन्हा कशाला, असेही विचारले जाते. शाळेतल्या मुलाला मत नसते, हा साधा फरक इथे महत्त्वाचा आहे. दिल्लीची संसद शाळेत कळते. आपल्या प्रभागात काय चालले आहे ते कॉलेजच्या वयात कळायला हवे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुणे आणि नागपूरचीही त्याच महिन्यात. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे अनुच्छेद 243 यू स्पष्ट सांगतो. तरीही या शहरांत तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. मुंबईचा 2025-26 चा 74 हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक म्हणून मंजूरही त्यांनीच केला. त्या काळात या शहरांत पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांनी 74 वी घटनादुरुस्ती पाठ केली असेल. ती आपल्याच गल्लीत अमलात येत नव्हती हे त्यांना कोणत्या तासाला सांगितले गेले? ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन पेच, प्रभागरचनेचे अधिकार, राज्य निवडणूक आयोग हा केंद्रीय आयोगाहून वेगळा का, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुकांचा आदेश का द्यावा लागला, हे सगळे या एका प्रश्नात येते. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला अर्थसंकल्पाचे पुस्तक द्यावे, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पाणीपुरवठ्याचे आकडे. प्रकल्पवहीऐवजी प्रत्येकाने माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांत बसवावा लागतो, त्याला दहा रुपये शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर यावे लागते. नेमके काय विचारायचे आणि कोणाला, हे त्या दीडशे शब्दांत ठरवताना शासनव्यवस्था जितकी कळते तितकी तक्ता पाठ करून कळत नाही.

यासाठी लागणारे साहित्य आवाक्यातले आहे. संविधान सभेतल्या चर्चा छापील खंडांत आहेत, बाबासाहेबांची तिथली भाषणे राज्य सरकारच्याच ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात आहेत. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी त्यांतल्या आठ-दहा चर्चा आणि चार-पाच निकालांचे महत्त्वाचे भाग सोप्या मराठीत आणून एक वाचनपुस्तक तयार करावे. राज्यशास्त्राचे आणि कायद्याचे निवृत्त प्राध्यापक हे काम आनंदाने करतील. परीक्षेत निम्मे गुण दोन्ही बाजू मांडणाऱ्या एका प्रश्नाला द्यावेत, आणि तंत्रशिक्षण परिषदेने या विषयाला श्रेयांक द्यावेत.

आणखी एक गोष्ट विद्यापीठांच्या आणि सरकारच्या हातात आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात वर्गप्रतिनिधी परीक्षेतल्या गुणांवरून नेमले जात. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका परत आणल्या. पण 2019 मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. कॅम्पसवर हाणामाऱ्या होतील ही भीती जुन्या अनुभवातून आलेली आहे. तिच्यासाठीच लिंगडोह समितीने 2006 मध्ये खर्चमर्यादेपासून उमेदवारीच्या अटींपर्यंत नियम सुचवले. वर्गात लोकशाहीचा पेपर घ्यायचा आणि त्याच इमारतीत मतपेटी येऊ द्यायची नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. कायदा मंजूर आहे, नियम तयार आहेत. सरकारने निवडणुकांचे वेळापत्रक जाहीर करावे.